ऑइल कोण पितं?

"तीन हजार, पाच हजार, का दहा हजार? बुवा, मला एकच आकडा सांगा."

नेर्लेकर सरांनी पायातल्या चपला काढायच्या आधीच प्रश्न टाकला होता.

जोतीबुवा मठाच्या ओसरीवर बसून वाती वळत होते. दिवाळीचा पाडवा होता. शेजारच्या ताटात वळलेल्या वातींचा ढीग पडला होता.

"कशाचा आकडा, मास्तर?"

"किलोमीटरचा. जुन्या गाडीचं इंजिन ऑइल किती किलोमीटरनी बदलायचं?"

मठात असला प्रश्न विचारलेला कुणाला विचित्र वाटेल. इथं कुणालाच वाटत नाही. बुवा होण्याआधी ते जोती मिस्त्री होते. एसटीच्या डेपोत त्यांनी अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली. त्यामुळं मठात येणारे निम्मे लोक मोक्षाचं विचारतात आणि निम्मे मायलेजचं. मायलेजवाल्यांना उत्तर लवकर मिळतं, एवढाच फरक.

"कोण काय म्हणतंय?" बुवांनी विचारलं.

"गाडीबरोबर आलेलं पुस्तक म्हणतं, दहा हजार. पुण्याचा भाचा म्हणतो, पाच. गॅरेजवाला म्हणतो, सर, गाडी वीस वर्षांची झाली, आता तीनच. तिघांची सरासरी सहा हजार येते."

"मग झालं की. सुटलं गणित."

"सरासरी म्हणजे उत्तर नव्हे, बुवा."

सरांनी गारगोटीत चौतीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं होतं. त्यातली शेवटची अकरा वर्षं हेडमास्तर म्हणून. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण समोरच्याचं उत्तर तपासायची खोड काही निवृत्त झाली नव्हती.

"गाडी वरसाला किती पळती?"

"तीन हजार. फार तर साडेतीन."

"आणि ऑइल कितींदा बदललंसा?"

सरांनी चपला काढून बाजूला लावल्या.

"या दीड महिन्यात... दोनदा."

बुवांची वात अर्धवट राहिली.

"दीड म्हैन्यात गाडी पळली किती?"

"दोनशे दहा किलोमीटर. त्यात चाळीस गॅरेजला जाण्यायेण्यात."

बुवा हसले नाहीत. मी असतो तर हसलो असतो.

"काय करणार?" सर म्हणाले. "रोज सकाळी इंजिनातली मापाची सळई काढून बघतो. ऑइल अर्ध्यावर. वरून ओततो. दोन दिवसांनी पुन्हा अर्ध्याच्या आसपास. आता तर धूर टाकायला लागलीय. हा बघा आलेख."

त्यांनी खिशातून घडी घातलेला आलेखकागद काढला. रोजचं ऑइल, रोजची तारीख, लाल पेन्सिलची रेघ.

बुवांनी कागद हातात घेतला. आडवा धरला. मग उलटा धरला.

"उलटा धरलाय तुम्ही."

"व्हय? मला वाटलं, चढ हाय."

सरांनी कागद परत घेतला आणि नीट घडी घातली. अडाण्याकडं गेलो की असंच व्हायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"हे कधीपास्नं चाललंय?"

"खरं सांगायचं तर बुवा, ईश्वर गेल्यापासून सगळंच बिघडलं."

बुवांनी मान वळवून गाभाऱ्याकडं एकदा पाहून घेतलं. तिथं सगळं जागच्या जागी होतं.

"ईश्वर सुतार," सर घाईनं म्हणाले. "माझा ड्रायव्हर."

"आरं देवा. गेला म्हंजे? वारला?"

"गेला नाही, बुवा," खालून बाईमाणसाचा आवाज आला. "घालवला."

मठ चढावर आहे. ओसरीपुढं सहा पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली चढाच्या वाटेवर सरांची पांढरी गाडी नाक वर करून उभी होती. मागच्या सीटवर सरांची बायको बसली होती, कावेरीबाई. काच खाली होती. त्या गाडीतून उतरल्या नव्हत्या.

दीड महिना त्या सरांशी कामापुरतंच बोलत होत्या. जेवण वाढलंय. दूधवाला आलाय. बाकीचं सगळं त्या भिंतीला सांगायच्या आणि सरांनी ऐकायचं.

बुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या उतरले आणि गाडीच्या खिडकीशी गेले.

"वर या की, ताई. च्या टाकतो."

"नको, बुवा. यांचं गणित सुटू दे आधी."

"उद्या भाऊबीज. म्हायेरी जायाचं असंल?"

"मला कुठला भाऊ?" कावेरीबाई म्हणाल्या. "लहानपणी चंद्राला ओवाळायची. लग्न झाल्यावरही चंद्रालाच. मग ईश्वर आला गाडीवर. पहिल्याच दिवाळीला फराळाचं घेऊन निघाला होता, मी म्हटलं, थांब रे, बस पाटावर. सोळा वर्षं त्याला ओवाळलं. कधी चुकला नाही. एकदा ताप अंगात होता तरी आला..."

त्यांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"उद्या पुन्हा चंद्राला ओवाळणार आहे."

ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. रीतच आहे. पण बिजेची कोर ती केवढी! नखाएवढी. दिवस मावळल्यावर धड तासभरही टिकत नाही. सोळा वर्षं हाडामांसाचा भाऊ पाटावर बसवल्यावर पुन्हा त्या कोरीकडं ताट धरायचं, ही गोष्ट सोपी नाही. कावेरीबाईंचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेसुद्धा नाहीत.

सर पायऱ्यांवर उभे होते. त्यांना हे सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर, काय झालं हुतं?"

"मी गाडीचं विचारायला आलोय."

"गाडीचंच विचारतोय मी बी."

सर दोन पायऱ्या खाली आले. हात मागं बांधून, वर्गात सांगावं तसं सांगू लागले.

उन्हाळ्यात त्यांनी बंगल्याशेजारी गाडीसाठी शेड बांधली. तेव्हापासून रोज सकाळी सळई काढून ऑइल बघायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. ऑइल अर्ध्यावर दिसे. ईश्वर म्हणे, भरलंय. सर म्हणत, अर्धं. गणपतीच्या दिवसांत सरांनी नवा डबा आणून ईश्वरच्या हातात दिला आणि म्हणाले, ओत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पुन्हा अर्ध्याला जेमतेम.

"मी विचारलं, डबा कुठाय? तर म्हणतो, घरी ठेवलाय, अर्धा उरलाय. का उरला? तर म्हणतो, सर, गाडीत मावंना. आता सांगा, सळई अर्धी कोरडी आणि म्हणे मावंना!"

"मग तुमी काय म्हनलासा?"

सर चष्म्याची काच पुसू लागले.

"बोला की, मास्तर."

"मी म्हटलं..." सरांनी घसा साफ केला. "म्हटलं, ऑइल गाडी पिते, का तू पितोस?"

कावेरीबाईंनी तोंड पलीकडच्या खिडकीकडं फिरवलं.

"मग?"

"काही बोलला नाही. घरी गेला, अर्धा डबा घेऊन आला. पायरीवर डबा ठेवला, डब्यावर किल्ली ठेवली, आणि गेला. अनंत चतुर्दशीचा दिवस होता. तेव्हापासून..."

बुवांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होतं.

"मास्तर, एक सांगा. ईश्वर गेल्यावर ऑइल कमी व्हायचं थांबलं?"

खालच्या वाडीत कुणीतरी फटाक्याची माळ लावली.

"...नाही."

"मग पीत कोण हुतं?"

"गाडी. म्हातारी झालीय ती. म्हणूनच तर विचारतोय, किती किलोमीटरनी..."

"हे तुमी ईश्वराला सांगितलंसा?"

सरांनी आलेखाचा कागद पुन्हा खिशातून काढला, पाहिला, पुन्हा ठेवला. हुशार माणसाला चूक कळत नाही असं नाही. कळते, सगळ्यात आधी कळते. ती मान्य करायला मात्र त्याला दुसरा एखादा विषय लागतो. सरांनी किलोमीटरचा विषय काढला होता आणि त्यासाठी बायकोला मागं बसवून, स्वतः गाडी चालवत एवढा डोंगर सोळा वर्षांत पहिल्यांदाच चढून आले होते.

"असू द्या," बुवा म्हणाले. "सळई काढा."

"आत्ता? इंजिन गरम आहे."

"जरा दम खाऊ द्या तिला, मग काढा."

बुवा पायरीवर बसले. सर उभेच राहिले. थोड्या वेळानं सरांनी बॉनेट उघडलं, सळई ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा आत घातली आणि बाहेर काढून बुवांसमोर धरली. ऑइल सळईवरच्या कमी-जास्तीच्या दोन्ही खुणांच्या मधेच होतं. खालच्या खुणेला जास्त जवळ.

"बघितलंत? सकाळीच ओतलंय!"

"बघितलं. आता गाडी खळ्यावर घ्या."

मठाच्या उजव्या अंगाला बुवांचं भाताचं खळं होतं. चोपून, शेणानं सारवून गुळगुळीत केलेलं. त्या सगळ्या डोंगरात भरलेली घागर ठेवली तर न कलणारी जागा तेवढी एकच. भात आदल्याच दिवशी पोत्यांत भरून झालं होतं.

सर दचकले. "खळ्यावर? बुवा, खळ्यावर चपला घालून कुणी जात नाही."

"गाडीनं कुठं चपला घातल्यात?"

सर गाडीत बसले. त्यांनी गाडी चालू केली. मागून निळसर धुराचा लोट निघाला. गाडी हळूहळू खळ्यावर जाऊन उभी राहिली.

"बंद करा. आणि आता बसा गप."

"किती वेळ?"

"ऑइल खाली उतरंपतूर."

"म्हणजे किती मिनिटं?"

बुवा ओसरीवर गेले. ते ताट घेऊन आले आणि खळ्याच्या कडेला बसून वाती वळू लागले.

सर घड्याळ पाहत होते. खळ्यावरून फेऱ्या मारत होते. मग आपण अनवाणी आहोत आणि पायांना सारवणाचा गारवा लागतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते थांबले. वाऱ्यावर भाताच्या पेंढ्याचा वास येत होता.

कावेरीबाई गाडीतून उतरल्या. त्या बुवांच्या समोर बसल्या, ताटातला कापूस घेतला आणि वात वळायला लागल्या.

"हां, मास्तर. आता काढा."

सरांनी सळई काढली. पुसली. घातली. काढली.

पाहिली.

पुन्हा पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. चष्मा वर सरकवला.

ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. चांगलं दोन बोटं वर.

"हे कसं शक्य आहे? गाडी तीच. ऑइल तेच. पाऊण तासही झाला नाही..."

"हेडमास्तर तुमी हाय. मी सातवी नापास."

सर सळई हातात धरून उभे राहिले. त्यांनी चढाच्या वाटेकडं पाहिलं, जिथं गाडी मघाशी नाक वर करून उभी होती. मग खळ्याकडं पाहिलं. ओठ हलत होते. फळ्यासमोर मनातल्या मनात उदाहरण सोडवताना त्यांचे ओठ असेच हलायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.

"शेड..." ते म्हणाले.

बुवांनी मान वर केली नाही.

"शेडची जागा चढाची होती. गवंडी म्हणत होता, भराव घालून सारखी करू. मीच म्हटलं, नको. उतार असू दे, पावसाचं पाणी आपोआप निघून जाईल. फुटाला दीड इंच धरला. मीच..."

ते गाडीच्या मडगार्डला टेकले.

"पाण्याचं गणित केलं. ऑइलचं राहून गेलं."

भांडं कललं तरी आतल्या पाण्याची पातळी कलत नाही. हे वाक्य सरांनी चौतीस वर्षं शिकवलं होतं. काचेचा चंबू तिरका धरून दाखवायचे. एका पोरानं एकदा चुकीची आकृती काढली तर त्याला वीस वेळा काढायला लावली होती. आणि गेले सहा महिने रोज सकाळी स्वतः चढावरच्या गाडीत सळई घालून, पुढच्या बाजूचं ऑइल मागं सरकलंय हे न ओळखता, ते आलेख काढत होते. वर ओतत होते. भरल्या गाडीत ओतत होते. धूर टाकेल नाहीतर काय करेल बिचारी!

"ईश्वर कुठं मोजायचा?" बुवांनी विचारलं.

"पंपावर. तिथं सपाट आहे." सर सळईकडंच बघत होते. "आणि शेड बांधायच्या आधी गाडी त्याच्याच दारात उभी असायची. खालच्या आळीला घर आहे त्याचं. पत्र्याचंच आहे, पण अंगण मात्र सपाट, परातीसारखं. त्याच्या बापानं सुतारकामासाठी करून घेतलेलं..."

सरांनी सळई परत आत घातली.

"तो म्हणत होता, भरलंय. खरंच भरलेलं होतं."

कावेरीबाईंच्या हातातली वात वळून झाली होती, तरी त्या वळतच होत्या.

सरांना लाज वाटली. उघड्यावर, बायकोसमोर, सातवी नापास माणसासमोर वाटली. पण लाज वाटायचीही त्यांना सवय नव्हती. त्यांनी ती जुन्या प्रश्नाखाली लपवायचा शेवटचा प्रयत्न केला.

"तरी मूळ प्रश्न राहतोच, बुवा. बदलायचं किती किलोमीटरनी?"

"आजवर कोण बदलायचं?"

"ईश्वर."

"कितीनं?"

"त्याचा काही हिशेब नव्हता हो." सरांच्या तोंडून हसू निसटलं. "दर नरकचतुर्दशीला. पहाटे, स्वतःच्या आंघोळीच्या आधी. म्हणायचा, सर, आज आपण समदी अंगाला तेल लावतोय, हिनंच काय पाप केलंय? जुनं ऑइल काढायचा, नवं घालायचा, गाडी धुवायचा, मग घरी जाऊन स्वतः आंघोळ करायचा. मी आपली चेष्टा करायचो. गाडीचं अभ्यंगस्नान म्हणायचो. शिकलेली माणसं किलोमीटर बघतात आणि हा पंचांग बघतो!"

"किती वरसं केलं असं?"

"सोळा."

"इंजिन कधी बंद पडलं?"

सरांनी गाडीकडं पाहिलं.

"घाटात? पावसात?"

"नाही," सर म्हणाले. "एकदाही नाही."

बुवांनी ताट बाजूला ठेवलं.

"डेपोत आमच्या गाड्या रोज तीनशे, चारशे किलोमीटर पळायच्या. तिथं किलोमीटर बघायला लागायचं. तुमची गाडी वरसाला पळती तीन हजार. उरल्या दिवसांत नुसती उभी. उभ्या गाडीचं ऑइल बी म्हातारं हुतंय, मास्तर. ती दिवस मोजती, किलोमीटर न्हाई. वरसातनं एकदा, न चुकता, आठवणीनं... जुन्या गाडीला आणि काय लागतं?"

"म्हणजे ईश्वर..."

"तुमचं गणित सोळा वरसं सुटलेलं हुतं."

सर खाली बसले. तसेच, खळ्यावर, मांडी घालून. पाडव्याचा नवा पायजमा होता अंगावर.

"यंदा चतुर्दशीला?" बुवांनी विचारलं.

"यंदा कुणी..." सर म्हणाले. "यंदा मी ते आदल्या आठवड्यातच बदलून घेतलं होतं. चतुर्दशीला गाडी शेडमध्येच होती. दारावरून गेलो, पण बघवेना तिच्याकडं."

बुवा उठले आणि आतून एक पान्हा, एक घमेलं आणि एक रिकामं पोतं घेऊन आले. पोतं त्यांनी गाडीच्या पुढच्या बाजूला खळ्यावर अंथरलं. पान्हा सरांपुढं धरला.

"जादाचं ऑइल काढाया पायजे. नायतर इंजिन खराब हुईल."

"मी?"

"माझं वय एक्क्याऐंशी. मी जाऊ खाली?"

सरांनी पान्हा घेतला. नेर्लेकर सर, ज्यांच्या शर्टाला शाईचा डाग पडलेला कुणी कधी पाहिला नाही, ते पोत्यावर उताणे झाले आणि सरकत सरकत गाडीखाली गेले. गाडी जुन्या बांध्याची, पोट उंच, म्हणून मावले.

"दिसला का नट? मधोमध."

"दिसला."

"घमेलं खाली धरा. हळू सैल करा. धार लागली की अंदाजानं परत आवळा."

"अंदाजानं म्हणजे किती?"

"मास्तर..."

"बरं, बरं."

बराच वेळ खालून नुसते धापांचे आवाज आले. मग घमेल्यात धार पडल्याचा आवाज आला. मग "अरे!" आणि मग "अगं आई गं!"

सर बाहेर आले तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत तेलानं माखला होता. बाही गेली होती. आणि कपाळावर, अगदी मधोमध, ऑइलचा एक थेंब पडून नाकापर्यंत ओघळला होता.

कावेरीबाईंनी पदर तोंडाला लावला. पण हसू पदराला ऐकेना. त्या हसल्या, अगदी पोट धरून हसल्या. दीड महिन्याचं तुंबलेलं होतं ते.

"अहो, कपाळाला तेल लागलंय," त्या म्हणाल्या.

भिंतीला नाही. सरांना म्हणाल्या.

सरांनी बायकोकडं पाहिलं आणि त्यांचाही चेहरा सैल झाला.

"झालं अभ्यंग," बुवा म्हणाले. "उटणं तेवढं न्हाई माझ्याकडं."

गाडी पुन्हा थोडी शांत राहू दिली. सरांनी सळई काढली. ऑइल बरोबर वरच्या खुणेशी होतं. त्यांनी तीनदा पाहिलं नाही. एकदाच पाहिलं.

घमेल्यातलं ऑइल कुठं ओतायचं म्हणून त्यांनी डिकीतून रिकामा डबा काढला. ईश्वरनं पायरीवर आणून ठेवलेला तोच डबा होता. बुवांनी घमेलं तिरकं केलं, सरांनी डबा धरला. शेवटचा थेंब पडला तेव्हा सरांनी डबा हलवून पाहिला.

अर्धा भरला होता.

"मावंना," सर हळूच म्हणाले.

"काय म्हनलासा?"

"काही नाही. तो म्हणाला होता. गाडीत मावंना."

ते डबा दोन्ही हातांत धरून उभे राहिले. ऊन कलायला लागलं होतं. खालच्या वाडीतून कुणाच्या तरी घरातला चकल्यांचा वास वर येत होता.

"बुवा, आता त्याला काय सांगू?"

बुवा पुन्हा वाती वळायला बसले होते.

"माफी मागितली तर तो म्हणेल, असू द्या सर, त्यात काय. तो तसाच आहे. म्हणेल आणि येणार नाही. चढ-उताराचं समजावून सांगावं, तर ते त्याला माझ्याआधी कळलं असणार, फक्त मला सांगून उपयोग नाही म्हणून बोलला नसेल. आणि काहीच न बोलता बोलवावं तर..." सरांनी डबा घट्ट धरला. "सोळा वर्षं सोबत राहिलेल्या माणसाला मी चोर म्हटलं, बुवा. कोणत्या तोंडानं हाक मारू?"

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. त्यात एकही आकडा सोडवायचा नव्हता.

कावेरीबाई उठल्या. वळलेल्या वातींतल्या पाच वाती त्यांनी निवडून घेतल्या. पिशवीत ठेवल्या. गाडीशी गेल्या. मागचं दार उघडं होतं, ते त्यांनी लावलं. पुढचं दार उघडलं, आणि दीड महिना रिकाम्या राहिलेल्या पुढच्या सीटवर, सरांच्या शेजारच्या जागेवर, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

सरांनी ते पाहिलं. कपाळावरचं तेल पुसायला हात वर नेला आणि तसाच खाली घेतला.

"बुवा, काय सांगू त्याला? तुम्हीच सांगा."

बुवांनी हातातली वात पुरी वळली. ताटात ठेवली.

"सांगताय कशाला, मास्तर? गाडी नेऊन त्याच्या दारात लावा." त्यांनी नवा कापूस उचलला. "तिथली जागा सपाट हाय."